माळव्याची अफू आणि मार्क्सचे अर्थशास्त्र : प्रयोजन व व्याप्ती

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात मार्क्सच्या अर्थशास्त्रावर लेख असावा, हे काही वाचकांस प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. धार आणि देवास म्हटले की भोजराजा, पवारांची घराणी, देवीची टेकडी आणि कुमार गंधर्वांचे स्वर आठवतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून लिहिणारा जर्मन पंडित आठवत नाही. तथापि त्या पंडिताने ज्या व्यापारावर १८५८ मध्ये लेखणी चालविली, त्या व्यापाराचा एक प्रमुख उगम आपल्या याच काळ्या मातीत होता. तो व्यापार म्हणजे अफूचा. मार्क्सचा सिद्धांत नेमका कशासाठी आहे आणि तो कोठवर पोचतो, या प्रश्नाचा विचार दूरच्या मँचेस्टरच्या गिरण्यांवरून करण्याऐवजी आपल्याच शेतावरून आणि आपल्याच बाजारपेठेवरून करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा नव्हे, मराठी भाषेचा अध्यापक आहे. त्यामुळे या विवेचनात सूत्रांपेक्षा शब्दांकडे आणि आकड्यांपेक्षा माणसांकडे अधिक लक्ष गेले, तर ते स्वाभाविक मानावे.

मराठीतील अर्थविचाराची पूर्वपीठिका

मार्क्स मराठीत येण्यापूर्वी मराठी माणूस अर्थविचार करीतच नव्हता, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून कंपनी सरकार या देशाची संपत्ती कशी शोषून नेत आहे, हे रोखठोक सांगितले होते. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीवर मराठीत ग्रंथच लिहिला. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ चे आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्र परिभाषा' १८५५ ची. पुढे हेच लोकहितवादी रतलाम संस्थानचे दिवाण म्हणून काही काळ माळव्यात राहिले. अफूच्या एका मोठ्या पेठेचा कारभार अर्थशास्त्रावरील आरंभीच्या मराठी ग्रंथकारांपैकी एकाच्या हाती यावा, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८८३ साली मार्चमध्ये मार्क्स निवर्तला. त्याच वर्षी महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला. दोघांना एकमेकांच्या ग्रंथांचा परिचय असण्याचे कारण नव्हते, परंतु 'राबणारा एक आणि भोगणारा दुसरा असे का?' हा प्रश्न दोघांचाही होता.

मार्क्सचे नाव मराठी वाचकांच्या नित्य परिचयाचे झाले ते १९२० नंतर. श्रीपाद अमृत डांगे यांचे 'गांधी विरुद्ध लेनिन' हे इंग्रजी पुस्तक १९२१ मध्ये आणि 'सोशॅलिस्ट' हे साप्ताहिक १९२२ मध्ये मुंबईत निघाले. डॉ. गंगाधर अधिकारी यांनी कम्युनिस्ट जाहीरनामा मराठीत आणला, तर 'कॅपिटल'चा मराठी अनुवाद पुढे वसंत तुळपुळे यांनी केला. माळव्याचाही यात वाटा आहे. इंदुरात जन्मलेले शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील मार्क्सवादी समीक्षेचे एक प्रमुख नाव. त्यांच्या १९५४ च्या कादंबरीचे शीर्षकच 'क्षिप्रा' आहे. त्यांचे वडील बंधू गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी बोलत आणि हिंदीत कविता लिहीत; त्यांच्याही विचाराला मार्क्सवादाने आकार दिला. तेव्हा हा विचार आपल्याकडे परका म्हणून आला असला, तरी परका राहिलेला नाही.

या अनुवादांतून काही शब्द रूढ झाले. त्यांतील दोन पाहण्यासारखे आहेत. 'भांडवल' या शब्दाच्या मुळाशी 'भांड' आहे. भांडे आणि भांडार ही त्याचीच भावंडे. साठविलेला माल, असा त्याचा मूळ आशय. मार्क्सचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. त्याच्या मते भांडवल म्हणजे साठविलेली वस्तू नव्हे. ते माणसामाणसांतील एक नाते आहे. दुसरा शब्द 'वरकड'. जुन्या दप्तरात हा शब्द पदोपदी भेटतो. बाकीचे, उरलेले, जास्तीचे, असा त्याचा अर्थ. 'वरकड मूल्य' असे म्हणताच दप्तरातला जमाखर्च डोळ्यांपुढे उभा राहतो : कामकऱ्याला त्याच्या निर्वाहापुरते दिल्यावर जे वर उरले, ते कोणाच्या खाती जमा झाले?

सिद्धांताचे प्रयोजन

'कॅपिटल'चा पहिला खंड १८६७ मध्ये निघाला. दुसरा व तिसरा खंड मार्क्सच्या मृत्यूनंतर एंगल्सने अनुक्रमे १८८५ व १८९४ मध्ये सिद्ध केले. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत मार्क्सने आपले प्रयोजन सांगितले आहे : आधुनिक समाजाच्या गतीचा आर्थिक नियम उघड करणे. ग्रंथाचे उपशीर्षक 'राजकीय अर्थशास्त्राची मीमांसा' असे आहे. म्हणजे भाव कसे ठरतात, एवढेच सांगणारे हे शास्त्र नव्हे. किंवा समाजवादी राज्यात गव्हाचे वाटप कसे करावे, याची ही नियमावलीही नव्हे. भावी समाजाविषयी या ग्रंथात फारच थोडे आहे. जे आहे ते चालू व्यवस्थेच्या अंतरंगाचे विश्लेषण.

त्या विश्लेषणाचा गाभा थोडक्यात असा. बाजारात सर्व व्यवहार राजीखुशीने आणि बरोबरीच्या मोलाने होतात असे मानले, तरी नफा उरतो. तो कोठून येतो? मार्क्सचे उत्तर असे की, बाजारात एक वस्तू अशी आहे की जी वापरली असता आपल्या मोलापेक्षा अधिक मूल्य निर्माण करते. ती म्हणजे श्रमशक्ती. उदाहरणार्थ, कामगाराचा निर्वाह सहा तासांच्या कामात निघत असेल आणि तो बारा तास राबत असेल, तर उरलेल्या सहा तासांचे फळ म्हणजे वरकड मूल्य. येथे कोणी कोणास फसविलेले नाही, मजुरी ठरल्याप्रमाणेच दिलेली आहे. अन्याय असेल तर तो एखाद्या मालकाच्या दुष्टपणात नसून व्यवहाराच्या घडणीत आहे. नीतिपर उपदेश आणि मार्क्सचे अर्थशास्त्र यांतील भेद येथेच आहे. परंतु यासाठी एक पूर्वअट लागते : एका बाजूला साधनांची मालकी असलेला आणि दुसऱ्या बाजूला श्रमशक्तीखेरीज विकण्याजोगे काहीच नसलेला, असे दोघे बाजारात समोरासमोर आले पाहिजेत. ते तसे आपोआप येत नाहीत. त्यामागे इतिहास असतो. त्या इतिहासाला मार्क्सने 'मूळ संचय' म्हटले, आणि त्या प्रकरणात त्याने हिंदुस्थानातील अफूचा मुद्दाम उल्लेख केला आहे. सलिव्हन नावाच्या एका गोऱ्या मनुष्याला अफूचा मक्ता मिळतो. तो ४०,००० पौंडांस दुसऱ्याला विकतो. तो दुसरा त्याच दिवशी ६०,००० पौंडांस तिसऱ्याला विकतो. आणि तरीही तिसरा म्हणतो की आपणास अपार नफा झाला. पहिल्या दोघांनी कवडीही गुंतविली नव्हती. ही कथा बंगालकडील होय. माळव्याची कथा याहून वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे.

माळव्याची अफू

बंगाल-बिहारमध्ये अफूचा मक्ता १७७३ पासून कंपनीच्या हाती होता. माळवा मात्र शिंदे, होळकर, पवार आदी संस्थानिकांचा मुलूख. तेथे कंपनीचा हुकूम चालत नसे. आपल्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत विहिरीच्या पाण्यावर खसखशीचे पीक उत्तम येई. पावसाळ्यानंतर पेरणी, माघ-फाल्गुनात बोंडांना चिरा देणे, दुसऱ्या दिवशी सकाळी साकळलेला चीक खरवडून घेणे, असे हे काम. भरपूर खत, वारंवार पाणी आणि फार हात मागणारे हे पीक. एकेका बोंडाला अनेकदा चिरा द्यावा लागे. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातील बायका-मुले सारीच शेतात असत. चीक सुकू नये म्हणून माळव्यात तो जवसाच्या तेलात ठेवीत. पुढे तो शहरातील व्यापाऱ्यांच्या वखारीत जाई. तेथे मळून, गोळे करून, वाळवून पेट्या भरल्या जात. एका पेटीत सुमारे १४० रत्तल अफू मावे.

या साखळीत पैसा उलट दिशेने वाहत असे. कँटनच्या भावावर मुंबईचा निर्यातदार हुंडी देई, मुंबईच्या हुंडीवर इंदूर-उज्जैनचा महाजन, महाजनाच्या पैशावर गावचा सावकार, आणि सावकाराच्या आगाऊ रकमेवर शेतकरी. पीक उभे असतानाच ते विकलेले असे. संस्थानचा सारा रोख भरावयाचा, आणि खसखशीच्या बागायतीचा आकार इतर जमिनीपेक्षा चढा. त्यामुळे शेतकऱ्याला सावकाराकडे जावेच लागे. सर जॉन माल्कमचा माळव्यावरील ग्रंथ १८२३ मध्ये निघाला, तेव्हाही येथील सावकारी पेढ्यांचे जाळे चांगलेच विस्तारलेले होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, आणि डिसेंबर १८१८ मध्ये देवासच्या दोन्ही पात्यांशी व जानेवारी १८१९ मध्ये धारशी इंग्रजांचे तह झाले. मग माळव्याच्या अफूलाही वेसण घालण्याचा कंपनीने प्रयत्न केला. प्रथम स्वतःच खरेदी करून पाहिली. मग अनेक संस्थानिकांशी करार करून लागवड व वाहतूक रोखू पाहिली. काही साधले नाही. माल पालीवरून वाळवंट ओलांडून कराचीस आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला जात राहिला. अखेर १८३१ च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि परवान्याची पद्धत सुरू केली : पेटीमागे १७५ रुपये भरा आणि माल उघडपणे मुंबईला न्या. चोरवाट मोकळी असल्यामुळे १८३५ मध्ये हा दर १२५ पर्यंत उतरवावा लागला. परंतु १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, कराचीची वाट बंद झाली, आणि दर चढू लागले : १८४३ मध्ये २००, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००, आणि १८६१ मध्ये ७०० रुपये.

या आकड्यांचा हिशेब करून पाहावा. १८३१ मध्ये रत्तलामागे सव्वा रुपया. १८६१ मध्ये पाच रुपये. तीस वर्षांत चौपट. या रकमेसाठी सरकारने येथे एक विहीर खणली नाही, एक बी पेरले नाही, कोणास एक पैसा आगाऊ दिला नाही. केवळ वाट अडवून बसण्याची ही किंमत होती. बंगालच्या अफूविषयी मार्क्सने लिहिले आहे की, पेटीचा उत्पादनखर्च सुमारे २५० रुपये आणि कलकत्त्याच्या लिलावातील भाव १२१० ते १६०० रुपये. त्याचे लक्ष मुख्यतः या मक्त्यावर होते. चीनमध्ये बेकायदा विकल्या जाणाऱ्या विषावर हिंदुस्थान सरकारची तिजोरी उभी आहे, हे त्याने नेमके हेरले. १८२० मध्ये चीनमध्ये चोरून नेलेल्या पेट्या ५,१४७ होत्या, त्या १८३७ मध्ये ३९,००० झाल्या, असे आकडे त्याने दिले आहेत. या वाढीत माळव्याचा वाटा फार मोठा होता. चीनच्या सरकारने हा व्यापार बंद करू पाहिला तेव्हा १८३९ ते १८४२ चे युद्ध झाले. आपल्या शेतातल्या बोंडांचा आणि त्या तोफांचा संबंध होता, हे आपण सहसा आठवत नाही.

वरकड कोणते आणि कोणाचे?

आता मुख्य प्रश्न. माळव्याच्या अफू-शेतकऱ्याकडून जे घेतले गेले, ते मार्क्सच्या अर्थाने 'वरकड मूल्य' होते काय? उत्साही अनुयायी पटकन 'होय' म्हणतील. परंतु ते अचूक नाही. हा शेतकरी मजूर नव्हता. बैल त्याचे, नांगर त्याचा, वहिवाट त्याची. त्याने श्रमशक्ती विकली नाही, तर पीक विकले, आणि तेही पिकण्यापूर्वी. त्याच्याकडून संस्थानने सारा घेतला, सावकाराने व्याज घेतले, महाजनाने भावातील फरक घेतला, इंग्रजाने वाटेची जकात घेतली. या प्रत्येकाचे स्वरूप निराळे आहे. 'शोषण' हा एकच शब्द सर्वांना लावला, तर भावना व्यक्त होते, पण ज्ञान वाढत नाही.

मार्क्सने स्वतः हा भेद राखला आहे. तिसऱ्या खंडात व्यापारी भांडवल आणि सावकारी भांडवल यांची चर्चा करताना त्याने दाखविले आहे की, ही भांडवले जुन्या उत्पादनपद्धतीला चिकटून तिचा रस शोषतात, पण तिला बदलत नाहीत. माळव्यात हेच घडले. अफूने कोट्यवधी रुपये निर्माण केले, पण नांगर तोच राहिला, मोट तीच राहिली. संपत्ती येथे पिकली आणि अन्यत्र साठली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातून आलेला होता, आणि त्यात माळव्याच्या अफूचे स्थान प्रमुख होते. त्यांच्या दानातून उभे राहिलेले रुग्णालय आणि कलाशाळा आजही मुंबईस भूषण आहेत. दान खरेच होते. त्याचा उगमही खरा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवता येणे, हे इतिहासाचे काम आहे.

हा न्याय आपल्यालाही लागू आहे. धार-देवासमधील मराठी समाज हा बहुतांशी संस्थानी दरबाराच्या आश्रयाने वाढला. फडणीस, कारकून, शिक्षक, पुराणिक, वैद्य, गवई यांचे वेतन संस्थानच्या महसुलातून निघे, आणि त्या महसुलात खसखशीच्या बागायतीचा सारा होता. देवळे, शाळा, वाचनालये यांना दरबारच्या ज्या देणग्या मिळत, त्यांचा उगम याहून वेगळा कोठला असणार? हे सांगण्यात कोणाची निंदा नाही. परंतु ज्या दिव्याखाली आपल्या आजोबा-पणजोबांनी ग्रंथ वाचले, त्या दिव्यातील तेलाचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे. मार्क्सच्या सिद्धांताचे प्रयोजन मला येथे सर्वांत स्पष्ट दिसते : तो संस्कृतीचा अव्हेर करीत नाही, पण तिचे बिल कोणी भरले, हे विचारतो.

सिद्धांताचे क्षेत्र : इंदूरची गिरणी

१९०७ मध्ये इंग्लंड व चीन यांच्यात करार होऊन अफूची निर्यात दरवर्षी घटविण्याचे ठरले. १९१३ मध्ये ती थांबली. माळव्याच्या पेठांवर हा मोठा आघात होता. परंतु साठलेला पैसा स्वस्थ बसत नाही. इंदूरचे सर सेठ हुकूमचंद हे याचे ठळक उदाहरण. अफूच्या व्यापारात व सट्ट्यात मिळविलेला पैसा त्यांनी कापडगिरण्यांत घातला. व्यापारी भांडवल येथे औद्योगिक भांडवल झाले, आणि मार्क्सचा मुख्य सिद्धांत ज्या भूमीवर खऱ्या अर्थाने उभा राहतो ती भूमी माळव्यात तयार झाली : भोंगा, पाळी, हजेरी आणि रोजमजुरी. ब्रिटिश मुलखातील कारखान्यांचे कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत, ही गोष्टही गिरणीमालकांच्या पथ्यावर पडणारी होती. 'कॅपिटल'मधील कामाच्या दिवसावरचे प्रकरण वाचावे आणि मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून रविवारच्या सुटीसाठी केलेली खटपट आठवावी. तास हा दोन्हीकडे लढ्याचा विषय आहे. इंदुरात पुढे ही परंपरा कॉम्रेड होमी दाजी यांनी चालविली. १९६२ मध्ये ते इंदुरातून लोकसभेवर निवडून गेले, ते गिरणी कामगारांच्या बळावर.

हुकूमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. त्याच महिन्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला, आणि पुष्कळांनी मार्क्सची उत्तरक्रिया उरकून टाकली. परंतु मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांचा हिशेब चुकता झाला नव्हता. त्यासाठी ते न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी, त्यांची सुमारे २२४ कोटी रुपयांची देणी देण्यात आली. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. गिरणीतील यंत्रे भंगार झाली, पण जमिनीचे मोल वाढत गेले. एखाद्या राज्याचा अंत म्हणजे एखाद्या प्रश्नाचा अंत नव्हे, हे सांगण्यास याहून जवळचा दाखला नको.

मर्यादा

सिद्धांताची व्याप्ती सांगताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत; अन्यथा ते पोथीपूजन होईल.

पहिली मर्यादा हिंदुस्थानच्या खेड्यासंबंधीची. १८५३ च्या 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'मधील लेखांत आणि पुढे 'कॅपिटल'मध्येही मार्क्सने येथील खेडे स्वयंपूर्ण आणि शतकानुशतके न बदलणारे असे रंगविले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी, मार्क्सची पद्धती स्वीकारूनही, हे चित्र नाकारले. बहुतेक खेड्यांत मीठ पिकत नाही आणि धातूही निघत नाहीत. मग ती स्वयंपूर्ण कशी, असा त्यांचा साधा व बिनतोड प्रश्न होता. माळव्याचे अफू पिकविणारे खेडे तर कँटनच्या भावाने जागे होई आणि झोपी जाई. मार्क्सला उपलब्ध असलेली साधने इंग्रज अधिकाऱ्यांची होती, आणि त्या साधनांच्या चुका त्याच्या लेखनात उतरल्या.

दुसरी मर्यादा संस्थानांविषयीची. देशी संस्थानिक हे इंग्रजी सत्तेचे टेकू आणि प्रगतीतील धोंड होत, असे मार्क्सने १८५३ मध्ये लिहिले. पुढे चारच वर्षांनी, ऑक्टोबर १८५७ मध्ये, इंग्रजी फौजेने धारच्या किल्ल्याला वेढा घातला, संस्थान जप्त झाले आणि १८६० मध्ये ते आनंदराव पवारांस परत देण्यात आले. 'टेकू' हे वर्णन त्यानंतरच्या काळास बरेचसे लागू पडते. परंतु अफूच्या प्रश्नात कंपनीच्या मक्त्याला पहिला शह मिळाला तो याच संस्थानांच्या हद्दींमुळे. ज्या सीमा इंग्रजांनी राखल्या, त्याच त्यांच्या आड आल्या.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी : जात. धार आणि इंदूर यांच्या मधल्या टापूतील महू येथे १८९१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ मध्ये बजावले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव असे, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. भांडवलाला सर्व हात सारखे असतात, हे सूत्र येथे अडखळले. आणि एकजुटीची भाषा बोलणाऱ्या कामगारांनीच हा मज्जाव पाळला. कॉ. शरद पाटील यांनी पुढे मार्क्स, फुले व आंबेडकर यांची सांगड घालण्याचा जो प्रयत्न केला, तो या उणिवेच्या जाणिवेतून.

चौथी मर्यादा शास्त्रीय स्वरूपाची. श्रमातून मूल्य आणि मूल्यातून बाजारभाव हा प्रवास मार्क्सने समाधानकारक रीतीने उलगडला काय, याविषयी १८९६ मध्ये बोम-बावेर्कने जे आक्षेप घेतले, त्यांवर अद्याप एकमत नाही. भावांचे रोजचे चढउतार समजून घेण्यास इतर अर्थशास्त्रे अधिक उपयोगी पडतात, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आणि ज्या राज्यांनी मार्क्सच्या नावाने कारभार केला, त्यांनी स्वातंत्र्याची जी हानी केली, तिचा जाब त्या राज्यांना आणि त्यांच्या समर्थकांना द्यावाच लागेल.

आजचे धार-देवास

एवढे वजा करूनही काय उरते? दोन उदाहरणे पुरेत. आज धार-देवासच्या शेतांत खसखशीच्या जागी सोयाबीन आहे. परवान्याची अफू आता मुख्यतः मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत होते. सोयाबीनचा भाव परदेशी बाजार आणि आयात होणारे तेल यांवर हेलकावे खातो. २०२४ मध्ये भाव कोसळले तेव्हा क्विंटलला ६,००० रुपये मिळावेत म्हणून माळव्याचे शेतकरी रस्त्यावर आले होते. पीक बदलले, मालक बदलले, राज्य आपले झाले. पण पिकविणाऱ्याच्या हाती भाव नाही, ही गोष्ट पुरती बदललेली नाही.

दुसरे उदाहरण पीथमपूरचे. धार जिल्ह्यातील या औद्योगिक नगरीने हजारो कुटुंबांना रोजगार दिला, हे निर्विवाद. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये तेथे आणला गेला आणि लोकांच्या विरोधानंतरही त्याच वर्षी जाळण्यात आला. नफा १९८४ पूर्वीच वाटला गेला होता. उरलेले विष मात्र दुसऱ्याच गावाच्या वाट्यास आले. भांडवली उत्पादन हे संपत्तीचे दोन्ही मूळ झरे, माती आणि श्रमिक, आटवीत जाते, असे मार्क्सने पहिल्या खंडात म्हटले आहे. या विधानाची प्रचीती घेण्यास आता दूर जावे लागत नाही.

तात्पर्य, मार्क्सचे अर्थशास्त्र हे भविष्यकथन नव्हे आणि धर्मग्रंथही नव्हे. मजुरी आणि भांडवल यांचा संबंध हा त्याचा गाभा. तेथे ते सर्वांत समर्थ आहे. त्या गाभ्याबाहेर, शेतकरी, सावकार, संस्थान, जात यांच्या प्रदेशात, ते तयार उत्तरे देत नाही, पण नीट प्रश्न विचारण्यास शिकविते. हा माल कोणी केला, वर काय उरले, ते कोणत्या वाटेने कोणाकडे गेले, आणि त्याचे ओझे कोणावर पडले, हे ते चार प्रश्न. त्यांची उत्तरे शोधण्यास जुने महसुली कागद, संस्थानांचे अहवाल, गॅझेटिअरे आणि घरोघरी पडून असलेल्या वह्या लागतात. माळव्यातील मराठी कुटुंबांच्या माळ्यांवर अशी दप्तरे आजही असतील. ती वाळवीच्या मुखी पडण्यापूर्वी ग्रंथालयाकडे आली, तर या भूमीचा आर्थिक इतिहास येथील माणसांना स्वतः लिहिता येईल. ग्रंथालयाने दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना सभासदांनी व आश्रयदात्यांनी एवढे एक कार्य मनावर घ्यावे, ही नम्र विनंती.